आपोआप मिटणारे दार

दार या वस्तूचा मी साठीपर्यंत कधी विचार केला नव्हता. उघडे असले तर आत जावे, बंद असले तर परत फिरावे, एवढेच माझे दाराविषयीचे धोरण. बंद दारावर थाप मारण्याचा धीटपणा माझ्या अंगी कधी आला नाही. अशा माणसावर दाराची जबाबदारी सोपवणे म्हणजे पोहता न येणाऱ्याला नाव सांभाळायला देणे. पण काशीत तेही चालते.

ब्रह्मा घाटावरून वर येणाऱ्या गल्लीत लाला मुकुंदलाल यांची तीन मजली इमारत आहे. तळमजल्यावर लालांचे रेशमी मालाचे गोदाम; वर जायचा जिना त्यातूनच. मधल्या मजल्यावर आमचे मराठी वाचनालय. त्याचा मी चिटणीस, कारण ज्या सभेत निवड झाली तिला मी एकटाच वेळेवर गेलो होतो. सर्वांत वर बिंदुमाधव दीक्षित अग्निहोत्री आणि त्यांची थोरली बहीण अंबिकाताई. दीक्षितांच्या घरचा अग्नी त्यांच्या आजोबांपासून विझलेला नाही. म्हणजे खाली रेशीम, मध्ये कागद आणि वर विस्तव. इतकी वर्षे यात कोणाला काही वावगे दिसले नाही. शिंदे घाटाजवळचे एक देऊळ कललेले आहे तसे कललेलेच आहे, आणि लोक त्याच्याजवळ निवांत स्नाने करतात. आमच्याकडे धोका जुना झाला की त्याला तीर्थाची कळा येते.

बिहारच्या भूकंपानंतरच्या सालात मात्र लालांनी मालाचा विमा उतरवायचे मनावर घेतले. कलकत्त्याच्या कंपनीचा माणूस येऊन इमारत पाहून गेला. वरच्या मजल्यावर अखंड अग्नी आहे हे ऐकून तो म्हणे बराच वेळ पायरीवर बसून राहिला. मग त्याने अट घातली: गोदाम आणि जिना यांच्यामध्ये सर्व बाजूंनी पत्रा मढवलेले जाड दार हवे. ते उघडून सोडले की आपोआप मिटले पाहिजे, आणि कधीही उघडे अडकवून ठेवता कामा नये. महिन्याभराने कंपनीचा इन्स्पेक्टर येऊन पाहील. दार पसंत पडले नाही, तर आग किंवा कागद, दोहोंपैकी एकाने इमारत सोडावी.

लाला स्वतः वर आले. वाचनालयात त्यांचे पाऊल प्रथमच पडत होते.

"पंडितजी," ते कपाटांकडे बघत म्हणाले, "अग्निदेवता को तो मैं निकाल नहीं सकता. पाप लगेगा. किताबों का क्या है, किताबें कहीं भी धूल खा लेंगी."

मला उत्तरे सुचतात, पण समोरचा माणूस जिना उतरून गेल्यावर.

"दरवाज़ा मैं बनवा देता हूँ," लाला म्हणाले. "लेकिन दरवाज़े की चिंता आपकी."

मी मान डोलावली. त्या खोलीखेरीज मला जाण्यासारखी दुसरी जागा नव्हती, हे लालांना सांगण्यात अर्थ नव्हता. घरी मी सतत कोणाच्या तरी वाटेत असतो. वाचनालयात दुपारभर मी कोणाच्याच वाटेत नसतो. शिवरामपंत वर्तमानपत्र वाचायला येतात, पण ते माझ्याकडे पाहत नाहीत.

घरी गेल्यावर मी बायकोला, शरदिनीला, सारे सांगितले. तिने आधी एकच गोष्ट स्पष्ट केली.

"ती कपाटं आपल्या घरी येणार नाहीत हं. आधीच तुमच्या पुस्तकाचे गठ्ठे आहेत. त्यांच्यावर मी गहू वाळवते म्हणून बरं, निदान काही उपयोग तरी होतोय."

त्या पुस्तकाविषयी इथेच सांगून टाकतो. 'काशीच्या पायऱ्या : एक अल्प विचार' हा माझा ग्रंथ. विचार अल्प असला तरी ग्रंथ जाड आहे. तो छापून बरीच वर्षे झाली. त्याच्यावर अनुकूल किंवा प्रतिकूल असा एकही अभिप्राय अद्याप आलेला नाही. गव्हाला मात्र त्याची उंची सोयीची पडते.

दार तयार होऊ लागले तसे सल्लेही येऊ लागले. शिवरामपंत टपाल खात्यातून पेन्शनीत निघालेले, त्यामुळे जगातील प्रत्येक वस्तू कशी बांधावी हे त्यांना ठाऊक असते. मिस्त्री पत्रा ठोकत असता ते त्याच्या डोक्याशी उभे राहून सांगत, "अरे, खिळा बाहेरनं नाही, घडीच्या आतनं! खिळा तापला म्हणजे आग आत शिरते." मिस्त्रीला मराठी येत नव्हते. हे त्याचे भाग्य.

दार उभे राहिले त्या सकाळी दीक्षित गंगेहून सोवळ्यात आले, आणि उंबऱ्यापाशी थांबले.

"यज्ञेश्वरपंत, हे काय?"

"दार," मी म्हणालो.

"ते दिसतंय. आपोआप मिटणार म्हणे?"

"हो. कंपनीची अट आहे."

"शास्त्र बघितलंत का? ज्या घराचं दार आपोआप मिटतं, त्या कुळाचा नाश होतो. स्पष्ट वचन आहे."

वचन आहे हे मलाही ठाऊक होते. ते ग्रंथासह आमच्याच कपाटात होते, आणि आदल्या दिवशी मी ते दोनदा वाचून ग्रंथ मागच्या रांगेत सरकवला होता. तरी मी आयुष्यात प्रथमच एक मुद्दा समोरच्या समोर मांडला.

"दीक्षित, हे दार वाचनालयाच्या नावावर धरू या. वाचनालयाला कूळ नसतं."

दीक्षितांनी डोळे मिटून विचार केला. "हे बरोबर आहे," ते म्हणाले. "आणि गोदामालाही नसतं. पण मी सोवळ्यात याला शिवायचं कसं? दिवसभर हमाल हात लावणार."

यावर तोडगा अंबिकाताईंनी काढला. पहाटे खाली येऊन त्या दाराखाली आपला वरवंटा लावून ठेवत. दार सताड उघडे राहिले आणि भाऊ निर्वेध वर जाऊ लागला. दीक्षितांचे पाहून गोदामाच्या मुनीमजींनी दुपारी गाठोडे लावले, आणि शिवरामपंतांना जिन्यात वारा लागत नाही म्हणून त्यांनी वाचनालयातले स्टूल. आपोआप मिटणारे दार मिटलेले असे कोणीही पाहिले नाही. माझा नित्यक्रम असा झाला: खाली जायचे, वरवंटा काढून वर पोचवायचा, गाठोडे काढून मुनीमजींची क्षमा मागायची, स्टूल काढून शिवरामपंतांची बोलणी खायची. शिवाय बिजागऱ्यांना तेल. ज्याला या वयात स्वतःचे गुडघे वाजताना ऐकू येतात त्याने बिजागऱ्या वाजू नयेत म्हणून जपावे, यातली गंमत शरदिनीच्या लक्षात आली. माझ्या आली नाही.

पण खरी अडचण वजनाची होती. दार मिटायचे ते एका दोरीने. दोरी वरच्या कप्पीवरून जाई आणि तिच्या टोकाला वजन लोंबकळे. दार उघडले की वजन वर, सोडले की वजन खाली आणि दार बंद. मिस्त्रीने तात्पुरती एक मोडकी ऐरण टांगली होती. काम संपल्यावर तो तिच्यासह लग्नाला गावी गेला. "कोई भी भारी चीज़ बाँध लीजिए," असे जाता जाता सांगून गेला.

कोणतीही जड वस्तू. मला वाटले, याहून सोपे ते काय?

मी संकठा घाटावर गेलो. पायऱ्यांच्या कडेला एक गोल, गुळगुळीत, बेताच्या आकाराचा दगड पडला होता. माझ्याकडे पाहतच पडला होता, असे आता वाटते. मी तो उपरण्यात गुंडाळून छातीशी धरून निघालो. वाटेत दोघांनी थांबून हात जोडले. इतक्या वर्षांत गल्लीत मला कोणी नमस्कार केला नव्हता. मी लाजून दोघांनाही मान लववली. नमस्कार कोणाला होता हे तेव्हाच समजायला हवे होते. मी दगड शिंक्यात घातला, शिंके दोरीला बांधले, दार सोडले. ते असे छान मिटले, की मी तीन-चार वेळा उगाच उघडून पाहिले.

सोमवारी सकाळी दगडावर बेलाचे पान होते.

मी ते वाऱ्याने आले असेल म्हणून काढले. अंबिकाताई तांब्या घेऊन मागेच उभ्या होत्या.

"अहो यज्ञेश्वरपंत!" त्या ओरडल्या. "महादेवाला फासावर दिलात की हो!"

"हा... हा दगड आहे, अंबिकाताई."

"कुठून आणलात?"

"घाटावरून."

"काशीच्या घाटावरून?"

"हो."

"मग?"

काशीत कंकर तेवढा शंकर, हे पाळण्यातल्या पोरालाही माहीत असते. घाटावरचा गोल दगड उचलून त्याच्या गळ्यात दोरी बांधणारा इथला ब्राह्मण मी पहिलाच. त्यातून ग्रंथकर्ता, आणि ग्रंथ त्याच घाटांवर.

जिन्यात गर्दी जमली. शिवरामपंतांनी माझी बाजू घेतली, पण ती त्यांनी न घेतलेली बरी.

"फास कसला? झुला समजा! श्रावणात देवाला झुल्यावर बसवतातच की."

"कृष्णाला!" दीक्षित वरून गरजले. "महादेवाला नव्हे!"

गलबला ऐकून लाला आले. त्यांनी चपला काढल्या, शिंक्यातल्या दगडाकडे पाहिले आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले. "मेरे गोदाम में भोलेनाथ खुद पधारे हैं," ते म्हणाले. "अब आग का क्या डर!"

"मग विमा राहू द्यायचा का?" मी आशेने विचारले.

"नहीं, पंडितजी. वह कंपनीवाले नहीं मानेंगे."

दगड सोडवला गेला. दाराच्या बाजूच्या कोनाड्यात त्याची प्रतिष्ठा झाली. मला प्रायश्चित्त म्हणून गंगेत उभे राहून जप करावा लागला. पाणी थंड होते एवढेच नमूद करतो. आणि त्या दिवसापासून, आग अडवणाऱ्या त्या दाराला अगदी लागून, लालांच्या खर्चाने, एक अखंड नंदादीप तेवू लागला.

आता दाराला वजन नव्हते, शेजारी दिवा होता, आणि इन्स्पेक्टर यायला फार अवकाश उरला नव्हता.

जड वस्तूंचा शोध मी नव्याने सुरू केला, तेव्हा एक सत्य मला उमगले. काशीत जड म्हणून जे काही आहे त्याची कोणी ना कोणी पूजा करतो. मी लालांच्या तराजूतली लोखंडी वजने मागितली. मुनीमजींनी कानांना हात लावला: धनत्रयोदशीला हळदकुंकू वाहिलेली लक्ष्मी ती. मी भीत भीत अंबिकाताईंकडे वरवंटा मागितला. नाही तरी तो दारापाशीच राहायला असे.

"हा?" त्यांनी तो पोटाशी धरला. "आमच्या बिंदुमाधवच्या बारशाला आधी हा घातला होता पाळण्यात. 'गोविंद घ्या, गोपाळ घ्या' करून. त्याला टांगू देऊ?"

"पण तो तुम्ही दाराखाली लावता..."

"बसलेला असतो तो तिथे. टांगलेला नसतो."

शिवरामपंतांनी स्वतः पोते आणून त्यात पलीकडच्या तीरावरची रेती भरली. गंगेची रेती पायाखाली सांडेल म्हणून दीक्षितांनी हरकत घेतली, पण ती निकालात काढायची वेळच आली नाही. पोते विणीतून गळू लागले. सकाळी दार उत्साहाने मिटे, दुपारी विचार करत मिटे, आणि दिवेलागणीला अर्ध्यावर थांबून उभे राही. मला त्या दाराविषयी प्रथमच आपुलकी वाटली.

इन्स्पेक्टर येणार त्या दिवशी सकाळी मी घरी कोपऱ्यात बसलो होतो. वाचनालयाची कपाटे कोणाकोणाकडे जातील याचा विचार चालला होता. पोथ्या दीक्षित घेतील. वर्तमानपत्रे शिवरामपंत घेतील. मला कोण घेईल, तिथे विचार अडत होता. शरदिनी गहू पसरत होती.

"तिकडे सरका," ती म्हणाली. मग हात थांबवून गठ्ठ्याकडे पाहू लागली. "अहो. हे नाही का चालणार?"

"कोणते?"

"हेच. परवा हा गठ्ठा सरकवताना माझी कंबर धरली."

मला राग यायला हवा होता. पण मी गठ्ठा उचलून पाहिला, आणि मनात पहिला विचार आला तो असा, की ऐरणीपेक्षा किंचित उजवाच आहे.

हमालाकरवी गठ्ठा लालांकडे नेला. जिन्यात दीक्षित, अंबिकाताई, शिवरामपंत सारे उभे होते. मी सांगितले, ग्रंथ टांगायचा आहे. आणि मग, खोटे कशाला बोलू, माझ्या मनात एक आशा उगवली. ग्रंथ म्हणजे सरस्वती. पुस्तकाला पाय लागला तर आपण नमस्कार करतो. वजने लक्ष्मी, वरवंटा गोपाळ, दगड महादेव, तर दीक्षित आता हात वर करून म्हणतील, "थांबा! ही सरस्वती आहे!" वाचनालय गेले असते. तरी त्या क्षणी, थोडेसे, मला ते हवे होते.

दीक्षितांनी गठ्ठ्याकडे पाहिले. "कोणता ग्रंथ?"

"माझाच. पायऱ्यांवरचा."

"अच्छा, तो," दीक्षित म्हणाले. "तो चालेल."

"निश्चित?" मी विचारले. "शास्त्राच्या दृष्टीने..."

"काही अडचण नाही. टांगा."

अंबिकाताई बेल खुडत होत्या. आम्ही गठ्ठा गोणपाटात शिवून टांगला. दार सोडले. ते मागे न पाहता, न अडखळता, धप्प करून मिटले. इतका ठाम आवाज माझ्या कोणत्याही कृतीतून आजवर निघाला नव्हता.

इन्स्पेक्टर घोषालबाबू दुपारी आले. बारीक चणीचे, छत्री घेतलेले गृहस्थ. त्यांनी पत्र्याच्या शिवणी बोटाने चाचपल्या, बिजागऱ्या पाहिल्या, उंबऱ्याशी वाकून दाराखालून किती फट राहते ते पाहिले. मग त्यांची नजर कोनाड्यात गेली. आम्ही सर्वांनी श्वास रोखला. घोषालबाबूंनी बूट काढले, हात जोडले, पुटपुटत काही म्हटले, बूट घातले आणि म्हणाले, "बाबा रहेंगे. दिया काँच के कंदील में रखिए."

मग त्यांनी दार उघडून सोडले. धप्प. पुन्हा. धप्प. गोणपाट त्यांनी तळहातावर तोलून पाहिले.

"इसमें क्या है?"

मी खाली पाहिले. शिवरामपंत पुढे झाले. "पुस्तकें हैं, साहब! इन्हीं का लिखा हुआ ग्रंथ है!"

घोषालबाबूंनी माझ्याकडे नीट पाहिले. मला वाटले ते काहीतरी विचारतील. पायऱ्या कोणत्या, काळ कोणता. त्यांनी वहीत लिहिले. जाताना लालांनी ते त्यांच्याकडून वाचून घेतले: "वज़न: पुस्तकें. संतोषजनक."

माझ्या ग्रंथावर लेखी आलेला हा पहिला अभिप्राय. त्या रात्री मी शरदिनीला तो दोनदा ऐकवला. ती म्हणाली, "गहू आता कशावर वाळवू?"

वाचनालय राहिले. दीक्षित सोवळ्यात आले की दारावर कमंडलू वाजवतात आणि अंबिकाताई आतून दार धरतात. वरवंटा वर सुखात आहे. दर आठवड्याला मी बिजागऱ्यांना तेल घालतो, दोरी पाहतो, कंदिलाची काच पुसतो. कोणी सांगितलेले नाही, पण आता मला त्याची सवय झाली आहे.

पावसाळा सरताना एके दिवशी दार पूर्वीसारखे मिटेना. शेवटी थोडे थांबे, आणि बोटभर फट ठेवून राही. मी तेल घातले. दोरी बदलली. फट तशीच. अखेर गोणपाट चाचपले, तर एका बाजूची शिवण उसवलेली होती आणि आत हात जाईल एवढी जागा झाली होती. माझे पुस्तक कोणीतरी काढून नेत होते.

माझ्या मनात पहिल्यांदा काय आले असेल ते वाचकांनी ओळखले असेल: पुड्या बांधायला. मी तडक गल्लीच्या तोंडाशी असलेल्या हलवायाकडे गेलो आणि पेढे घेतले. ते पळसाच्या पानाच्या द्रोणात मिळाले. दुसऱ्या दिवशी चिवडा घेतला. तो अलाहाबादच्या वर्तमानपत्रात मिळाला. मग पानवाला, मग अत्तरवाला. माझा ग्रंथ कोठेच नव्हता. पोट बिघडले आणि मी तपास थांबवला.

त्यानंतर एका दुपारी वाचनालयात मी एकटा असता दीक्षित आत आले. ते कधी वाचनालयात येत नसत. उभ्यानेच त्यांनी घसा खाकरला.

"यज्ञेश्वरपंत, तुमच्या त्या ग्रंथात एक धादांत खोटं विधान आहे."

मी चष्मा काढला. पुन्हा लावला. "कोणते?"

"ब्रह्मा घाटाच्या प्रकरणात. तळटीप. माझे पणजोबा शेवाळावरून घसरून पायरीवर पडले, असं लिहिलंय."

"तशी आठवण तेव्हा..."

"ते घसरले नव्हते. ते बसले. स्वतःच्या मर्जीने. आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे."

"तुम्ही... वाचलात?"

"मी कशाला वाचतो? ताई वाचते दुपारची. मी नुसती नजर टाकली." ते दाराकडे वळले, आणि पुन्हा मागे फिरले. "आणि तेवढ्यावर भागवलं नाहीत. पुढे संकठा घाटाच्या प्रकरणात पुन्हा त्याचा उल्लेख केलात. आणि शेवटच्या प्रकरणात तिसऱ्यांदा!"

शेवटचे प्रकरण. तेथवर कोणी पोचेल असे मला ते लिहितानाही वाटले नव्हते. मुद्रिते तपासताना मी स्वतःही ते घाईत उरकले होते.

"चूक दुरुस्त करीन, दीक्षित," मी म्हणालो. "दुसऱ्या आवृत्तीत."

"करा. बसले, असं लिहा."

ते गेल्यावर मी घरी जाऊन उरलेल्या गठ्ठ्यांतून दोन प्रती काढल्या. दार मिटायला एक पुरली असती. दोन्ही गोणपाटात घातल्या आणि सुईदोरा घेऊन बसलो. सगळी कड शिवत आणली, आणि शेवटी हात जाईल एवढी शिवण तशीच सोडली.